शेजारच्या खड्ड्यातला लाल पट्टा : डायनॉसॉरची रेघ हीच का?

बावधनचे_आजोबा | ६ डिसेंबर, सकाळी ७:४२

आमच्या सोसायटीला लागून नव्या इमारतीचा पाया खणताहेत. तीन महिने ब्रेकरचा आवाज ऐकून कान किटलेत, ते जाऊ द्या. खड्डा आता तीन मजले खोल गेलाय आणि सकाळचा चहा घेत गॅलरीतून तो बघणं हा माझा उद्योग झालाय. पश्चिमेच्या भिंतीत वर मुरूम, त्याखाली काळा पाषाण, मग हातभर जाडीचा विटकरी पट्टा, आणि त्याखाली पुन्हा काळा कातळ. पट्टा इतका सरळ की कुणी गेरूत बुडवून दोरी छापलीय असं वाटावं.

नातवाच्या पुस्तकात एक तक्ता आहे. क्रिटेशस कल्प ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. डायनॉसॉर तेव्हाच गेले. आणि आपल्या दख्खनच्या खडकाचं वयसुद्धा ६.६ कोटी! तिन्ही आकडे एकच. मग मी त्याला सांगून टाकलं, की लाल पट्ट्याच्या खाली डायनॉसॉरचा काळ आणि वर त्यानंतरचा. त्याने ते वहीत लिहून घेतलंय. सोमवारी वर्गात सांगणार आहे. चूक असेल तर रविवारपर्यंत सांगा.

---

सरळमार्गी | ६ डिसेंबर, सकाळी ८:१५

आजोबा, बाईंना तरी कुठे माहीत असणार आहे. सांगू दे की.

---

कातळकोरा | ६ डिसेंबर, सकाळी १०:३०

चूक आहे. आजच खोडायला लावा.

आयुष्यभर भूशास्त्र शिकवलंय, त्यामुळे लांबण लागेल, माफी असावी. असे लाल पट्टे एक नाहीत, ढिगाने आहेत. कात्रजचा जुना घाट चढताना रस्त्याच्या कडेच्या कापात बघा. सिंहगडाच्या वाटेवर दिसतात. प्रत्येक पट्टा डायनॉसॉरची रेघ धरला तर बिचारे दर पन्नास मीटरला मेले असं म्हणावं लागेल.

पट्टा होतो कसा ते ऐका. लाव्हा आला, पसरला, थिजला. मग बराच काळ काहीच आलं नाही. त्या उघड्या पाठीवर ऊनपाऊस झाला, दगड कुजला, त्याची माती झाली, लांबच्या ज्वालामुखीची राख वाऱ्याने येऊन पडली. पुढे कधीतरी नवा लाव्हा त्यावरून गेला आणि माती विटेसारखी भाजली. आम्ही याला रेड बोल म्हणतो. तो एका विश्रांतीचा पुरावा आहे. कुणाच्या मरणाचा नाही.

आता खरा घोळ. तुमच्या खड्ड्यातला वरचा काळा पाषाण, समजा, दहा मीटर जाड आहे आणि पट्टा हातभर. कशात जास्त काळ मावलाय? माझ्या वर्गात ही परीक्षा मी पहिल्याच दिवशी घ्यायचो आणि नव्वद टक्के पोरं दगड म्हणायची. दहा मीटरचा प्रवाह पसरून थिजायला काही महिने, काही वर्षं, मोठा असेल तर काही दशकं. हातभर लाल माती तयार व्हायला हजारो वर्षं. खडकाची जाडी हे काळाचं माप नाही. पुण्याच्या खडकात काळ शोधायचा तर काळ्यात नाही, लाल्यात आणि दोन थरांमधल्या सांध्यात शोधावा लागतो.

---

चिंचेची_सावली | ६ डिसेंबर, दुपारी १२:०५

हे तर आमच्या गल्लीतलं डांबर झालं! दर निवडणुकीला एका रात्रीत चार इंच थर पडतो. मग पाच वर्षं नुसती धूळ, पानाच्या पिंका आणि चिंचेचा पाला. मग परत एका रात्रीत चार इंच. रस्ता इतका वर आलाय की आमच्या जोत्याच्या तीन पायऱ्यांची एक उरलीय. उद्या कुणी रस्ता कापून बघितला तर डांबरच डांबर दिसणार, पण आमचं आयुष्य गेलं ते मधल्या धुळीत.

---

कातळकोरा | ६ डिसेंबर, दुपारी १२:४०

ताई, हे उदाहरण मला तीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. एकच दुरुस्ती. डांबर वरून ओततात. इथे बरेचसे प्रवाह आतून फुगलेत. वर साय धरायची आणि तिच्याखाली नवा लाव्हा शिरत राहायचा, फुलका फुगतो तसं. म्हणून प्रवाहाचा माथा बुडबुड्यांनी भरलेला आणि पोट घट्ट.

आणि पायऱ्यांचं म्हणाल तर ‘ट्रॅप’ हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याच थरांमुळे : घट्ट पोटाचा कडा उभा राहतो, भुसभुशीत माथा आणि लाल माती झिजून सपाटी होते.

---

पाणक्या | ६ डिसेंबर, दुपारी २:२०

बुडबुडेवाल्या थराला आम्ही विहिरीच्या धंद्यात मांजऱ्या म्हणतो. पाणी लागलं तर मांजऱ्यात, नाहीतर काळ्या पाषाणाच्या फटीत. लाल लागली की बोअरवाला लगेच केसिंग पाइपचं नाव काढतो, कारण ती भिजून फुगते आणि भोक बसतं. पाणी तिच्यातून खाली जात नाही, आडवं पळतं. टेकडीवर झरा फुटलेला दिसला तर त्याच्या जरा खाली लाल पट्टा आहे का बघा, पुष्कळदा सापडेल. वय-बिय आम्हाला माहीत नाही, फुटावर पैसे घेतो.

---

बावधनचे_आजोबा | ६ डिसेंबर, सायंकाळी ५:१०

नातवाने वहीत खोडलं. तोंड पाडून बसलाय. आता त्याचा पुढचा प्रश्न, जो माझाही आहे. ही नाही तर मग ती रेघ आहे कुठे? आणि आमचा दगड क्रिटेशस आहे की नाही? हो किंवा नाही सांगा.

---

कातळकोरा | ६ डिसेंबर, रात्री ९:५५

हो किंवा नाही म्हणण्याआधी एक गाठ सोडवू. पुस्तकं दोन शब्द वापरतात आणि आपण ते एकच समजतो. ‘कल्प’ म्हणजे काळ. ‘संघ’ म्हणजे त्या काळात तयार झालेले खडक. क्रिटेशस कल्प वेगळा, क्रिटेशस संघ वेगळा.

पुण्यातलं बोलू. पेशवाई हा काळ. पेशवाईतले वाडे ही वस्तू. पेशवाई बावधनलाही होती, पण तिथे वाडा नसेल तर पेशवाई आलीच नाही असं कुणी म्हणत नाही. उलट शनिवारवाड्याचं जोतं घ्या. वाडा १७३२ मध्ये उभा राहिला. जोत्यातला दगड मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. वय कशाचं सांगणार? भिंतीचं की दगडाचं? तोच घोळ तुमच्या लाल पट्ट्यात आहे. माती ज्या लाव्हापासून झाली त्याचं वय एक, तिच्यात राख पडली ते दुसरं, वरच्या लाव्हाने ती भाजली ते तिसरं.

पुस्तकात ‘खालचा क्रिटेशस’ दिसला तर लेखक खडकाबद्दल बोलतोय, कारण खडक खालीवर असतात. ‘पूर्व क्रिटेशस’ दिसला तर काळाबद्दल. (पूर्वेकडचा नव्हे. हे उत्तर मला एकदा उत्तरपत्रिकेत मिळालंय, सोबत नकाशाही होता.)

नावाची गंमत सांगून आज थांबतो. क्रिटेशस हे नाव १८२२ मध्ये बेल्जियमच्या दालुआ या भूशास्त्रज्ञाने पॅरिसच्या आसपासच्या पांढऱ्या खडूच्या थरांवरून दिलं. लॅटिनमध्ये क्रेटा म्हणजे खडू. म्हणजे आधी खडक बघितला, मग त्याच्या नावाने काळ मोजला. आपल्या पुण्यात खडूचा एक कण नाही. फळा तेवढा आहे, मैलोगणती काळा.

---

सरळमार्गी | ६ डिसेंबर, रात्री १०:२०

एवढं वाचून हो की नाही ते कळलंच नाही. वकील होता होता राहिलात का?

---

कातळकोरा | ७ डिसेंबर, सकाळी ६:५०

बरं, उत्तर घ्या. दख्खनचा बहुतेक लाव्हा क्रिटेशसच्या अगदी शेवटी सुरू झाला आणि पुढच्या कल्पात, पॅलिओजीनमध्ये, जाऊन थांबला. म्हणजे कल्पांची सीमा आपल्या दगडांच्या चळतीतून आरपार जाते. सह्याद्रीत खालच्या घाटात उभे राहिलात तर तुम्ही क्रिटेशसमध्ये आहात, महाबळेश्वरच्या माथ्यावरच्या काळ्या खडकावर उभे राहिलात तर नाही.

पण ती सीमा रेघ म्हणून दिसत नाही. जगात जिथे दिसते तिथे समुद्राच्या किंवा तळ्याच्या तळाशी सावकाश बसलेला गाळ आहे. इटलीत गुब्बिओला अशा गाळात एक चिकणमातीचा पातळ थर आहे. अल्वारेझ या शास्त्रज्ञ बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०मध्ये जाहीर केलं, की त्यात इरिडियम नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींत भरपूर. त्यावरून आकाशातून काहीतरी आदळल्याचा तर्क झाला आणि पुढे मेक्सिकोत चिक्शुलूबचं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं गाडलेलं विवर ओळखलं गेलं. सीमेची अधिकृत जागा ट्युनिशियात अल केफला मुक्रर केली आहे. साऱ्या जगाने त्या एका जागेवरच्या थराशी आपापला खडक ताडून बघायचा.

आता विचार करा, इकडे त्याच सुमाराला लाव्हा वाहतोय. अशनीची धूळ इथेही पडली असणार. पण उघड्या कातळावर पडलेली धूळ पहिल्या पावसात धुऊन जाते. तिला झेलायला इथे शांत पाणी हवं होतं.

---

चिंचेची_सावली | ७ डिसेंबर, सकाळी ९:३०

पण आजोबांच्या पट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडचे दगड प्रयोगशाळेत दिले तर वय कळेलच ना? एक ६.६१ कोटी आलं आणि दुसरं ६.५९, की संपलं.

---

कातळकोरा | ७ डिसेंबर, सकाळी ११:१५

इथेच तर जगभरच्या लोकांची डोकी फुटलीत. ६.६ कोटीवर नुसती हजारात एकाची चूक धरा, ती होते ६६ हजार वर्षं. दख्खनच्या उद्रेकाचा मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आत उरकला. त्यात ६६ हजार म्हणजे बरंच झालं.

शिवाय बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, हा वय सांगायला नाखूश खडक आहे. त्यात पोटॅशियम कमी. पोटॅशियमचा एक प्रकार संथपणे आरगॉन वायूत बदलतो, त्यावरून वय काढतात. कमी पोटॅशियम, कमी आरगॉन, मोजमाप कठीण. दुसरी वाट झिरकॉनची. त्या बारक्या स्फटिकात युरेनियमचं शिसं होतं, आणि ते घड्याळ फार नेटकं चालतं. पण बेसॉल्टमध्ये झिरकॉन जवळपास नसतोच. मग तो कुठे मिळाला सांगा बरं?

लाल पट्ट्यात! लांबच्या, वेगळ्या जातीच्या ज्वालामुखीची राख त्या मातीत पडली होती, तिच्यासोबत झिरकॉन आले.

२०१९मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेच्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. एका गटाने काळ्या खडकातल्या फेल्डस्पार या खनिजातला आरगॉन मोजला आणि म्हटलं, बहुतेक लाव्हा अशनीच्या आघातानंतर आला. दुसऱ्याने लाल पट्ट्यांतले झिरकॉन मोजले आणि म्हटलं, उद्रेक चार झटक्यांत झाला, त्यातला एक मोठा झटका आघाताच्या जरा आधी सुरू झाला होता. डोंगर तोच, घाट तेच. एकाने काळ्याला विचारलं, दुसऱ्याने लाल्याला. माझं मत विचाराल तर मी लाल्याच्या बाजूचा, पण माझे जुने सहकारी यावरून अजून माझ्याशी भांडतात.

---

सरळमार्गी | ७ डिसेंबर, दुपारी १२:००

होकायंत्र फिरवलं की खडकाचं वय कळतं असं मी कुठेतरी वाचलंय. तुमच्या लाल्या-काळ्याच्या भांडणात तेच का नाही वापरत?

---

कातळकोरा | ७ डिसेंबर, दुपारी १२:२५

पहिल्यांदाच कामाचं बोललात. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण तेव्हाचं चुंबकीय उत्तर पकडून ठेवतात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. आपला लाव्हा आला तेव्हा बराच काळ ते उलटेच होते, म्हणून सह्याद्रीतले पुष्कळसे थर उलट्या दिशेचे भरतात. पण क्रिटेशसची अखेर नेमकी त्या उलट्या काळाच्या पोटात येते, त्याच्या टोकाला नाही. त्यामुळे थर उलटा निघाला तरी तो सीमेच्या अलीकडचा की पलीकडचा हे सुटत नाही. त्यातून भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे मात्र कळलं.

---

निळा_खडा | ७ डिसेंबर, दुपारी ४:४५

मी दगड जमवतो, भूशास्त्रातलं फार कळत नाही. पण ‘वय कशाचं’ यावरून आठवलं. वाघोलीच्या खाणीत कॅव्हनसाइट मिळतो, मोरपंखी निळा, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन मिळून त्याचं नाव झालंय. पहिल्यांदा तो अमेरिकेत ऑरेगनला सापडला, पण जगभरच्या संग्रहांत दिमाखाने बसलेला असतो तो बहुधा आपल्या वाघोलीचा. खाणीतली खडी फोडणारी माणसं एकेकाळी याला काय समजून टाकून देत असतील या विचाराने रात्रीची झोप उडते माझी.

तर तो खडा दगडाच्या वयाचा का?

---

कातळकोरा | ७ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

नाही. दगड आधी. बुडबुड्यांच्या पोकळ्या आणि भेगा रिकाम्या राहिल्या, नंतर कोमट-गरम पाणी त्यांतून फिरलं आणि त्यातले क्षार आत फुलले. घर आधी, बिऱ्हाड मागाहून. एका मुठीएवढ्या नमुन्यात दोन-तीन वयं नांदतात.

---

जुन्नरची_मैना | ७ डिसेंबर, रात्री ८:३०

आमच्या जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडते, पांढुरकी. लहानपणी तिने भांडी घासायचो. ती पण याच लाव्हाची का?

---

कातळकोरा | ७ डिसेंबर, रात्री ९:२०

अजिबात नाही, आणि बरं झालं हे निघालं. बोरीची राख नदीच्या गाळात आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी ती उजेडात आणली, त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारंही मिळाली. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात. टोबाचा शेवटचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याआधीच्या एखाद्याची, यावर तज्ज्ञांत वाद आहे.

आता त्या गाळाखाली काय आहे? थेट काळा कातळ. म्हणजे एका बाजूला सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दगड, आणि त्याला चिकटून वर काही लाख किंवा हजार वर्षांपूर्वीचा गाळ. मधलं सगळं गायब. त्या मधल्या काळात भारत सरकत येऊन आशियाला धडकला, हिमालय उभा राहिला, घोडे आणि हत्ती घडले. पाचगणीच्या टेबललँडवर त्यातल्या काही काळाचा जांभा तरी आहे. पुण्यात तेवढाही नाही. कल्प येऊन गेले, त्यांचा संघ इथे जमलाच नाही, किंवा जमून वाहून गेला. आजोबा, तुमच्या भिंतीत वरचा मुरूम जिथे कातळाला टेकतो ती जागा बघा. लाल पट्ट्यापेक्षा कितीतरी मोठा काळ त्या सांध्यात गिळला गेलाय. तिथे कुणी गेरूने रेघ मारलेली नाही, म्हणून आपण तिकडे बघत नाही.

---

चिंचेची_सावली | ७ डिसेंबर, रात्री ९:४५

मुरूम म्हणजे कुजलेला कातळच ना? मग तो सांधा कसा?

---

कातळकोरा | ७ डिसेंबर, रात्री १०:००

पकडलंत. खरं आहे, मुरूम त्याच दगडाचा, फक्त कुजणं अलीकडचं. नेमका सांधा मुरमाच्या माथ्यावर, जिथे वाहून आलेली माती सुरू होते तिथे धरा. विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर मी दोन गुण कापले असते.

---

बावधनचे_आजोबा | ९ डिसेंबर, सायंकाळी ६:३५

सोमवारी नातवाने वर्गात डांबराचं उदाहरण सांगितलं, म्हणजे चिंचेच्या सावलीताईंचं. मी विचारलं, मग पेशवाईचं? ते त्याने सांगितलं नाही, विसरला म्हणे.

आज खड्ड्यात काँक्रीट पडलं. तीन बाजू झाकल्या, पश्चिमेची भिंत तेवढी उघडी आहे. मी काल वॉचमनला सांगून लाल मातीचं एक ढेकूळ आणवलं होतं, बिस्किटाच्या डब्यात ठेवलंय. हात लावला की बोटं लाल होतात. सर, तुम्हाला हवं असेल तर देतो, झिरकॉन-बिरकॉन बघा.

---

कातळकोरा | ९ डिसेंबर, रात्री ८:०५

डब्यावर लिहिलंत का? कुठल्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून किती खोल, पट्ट्याच्या वरच्या कडेचं की खालच्या?

---

बावधनचे_आजोबा | ९ डिसेंबर, रात्री ८:२०

नाही हो. वॉचमनने खाली पडलेलं उचललं बहुतेक.

---

कातळकोरा | ९ डिसेंबर, रात्री ८:२२

मग ती आता फक्त लाल माती. कुंडीत टाका. पश्चिमेची भिंत उघडी आहे म्हणालात ना?

---

बावधनचे_आजोबा | ९ डिसेंबर, रात्री ८:३१

परवापर्यंत आहे. मुकादम ओळखीचा झालाय. उद्या सातला या, चहा इकडेच घ्या. टेप माझ्याकडे आहे, फक्त फुटाची.

---

पाणक्या | ९ डिसेंबर, रात्री ८:४०

मीटरची माझ्याकडे. मी पण येतो. हेल्मेट आणा रे, वर पोकलेन चालू असतो.